कॉफीचा पेला आणि लोहाची गोळी

बसवनगुडीत सकाळी सहाच्या सुमारास गल्लीतून चालत गेलं, की घराघरांतून ताज्या डिकाक्शनचा वास येतो. इथला दिवस याच वासावर सुरू होतो. घरात पहिलटकरीण असली, तर पहिले दोन-तीन महिने तिची सकाळ याच वासानं बिघडते. कॉफीशिवाय जिचे डोळे उघडत नव्हते, तिला आता फिल्टरमधून थेंबाथेंबानं उतरणारं डिकाक्शन नुसतं दिसलं तरी उमासे येतात. ही मळमळ साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते आणि बहुतेकींची चौथ्या महिन्यात ओसरते. तिच्यामागे जीडीएफ-१५ नावाच्या संप्रेरकाचा मोठा हात आहे, हे २०२३ साली पुढे आलं. वार आणि गर्भ ते तयार करतात आणि ते आईच्या मेंदूतल्या मळमळीच्या केंद्रावर काम करतं. ज्या बाईच्या रक्तात ते आधीपासून कमी असतं, तिला त्याची सवय नसते आणि तिला जास्त त्रास होतो. त्यामुळे 'आमच्या वेळी नव्हती बाई इतकी थेरं' असं कुणी म्हणालं, तर ते मनावर घेऊ नये. एकीला नऊ महिने काहीच होत नाही आणि दुसरीच्या पोटात पाणी ठरत नाही. हा फरक शरीराचा आहे, सोशिकपणाचा नाही. मात्र पाणीही टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, वजन उतरत असेल, तर लिंबू हुंगत घरी बसायचं नाही. सरळ दवाखाना गाठायचा.

चौथ्या महिन्यात तोंडाला चव येते, कॉफी पुन्हा हवीशी वाटते, आणि नेमक्या त्याच सुमाराला डॉक्टर लोहाची गोळी सुरू करतात. इथून पुढे घरात एक छोटी अडचण उभी राहते आणि ती बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. कॉफीतली पॉलिफेनॉल ही द्रव्यं आतड्यात लोहाला धरून ठेवतात आणि रक्तात जाऊ देत नाहीत. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात जेवणाबरोबर कॉफी घेतल्यावर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी कमी झालं होतं, चहानं तर ६४ टक्क्यांनी. त्यातली खरी उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे. कॉफी जेवणाआधी तासभर घेतली, तर शोषणावर काहीच परिणाम झाला नाही. जेवणानंतर तासाभरानं घेतली, तर मात्र बरोबर घेतल्याइतकंच नुकसान झालं.

आता बसवनगुडीची रीत पाहा. इथे कॉफी येते ती खाण्याच्या शेवटी. गांधी बझारमध्ये १९४३ साली सुरू झालेल्या विद्यार्थी भवनात मसाला डोसा संपतो न संपतो तोच कॉफी समोर येते. घरातही तेच. इडली, उप्पिट्टू, जे काही असेल ते झालं की पेला-वाटी पुढे सरकते. म्हणजे लोहाच्या दृष्टीनं जी वेळ सगळ्यांत वाईट, तीच इथे कॉफीची ठरलेली वेळ आहे. कॉफी सोडायची गरज नाही, वेळ पुढे-मागे करायची आहे. उठल्यावर सहाला कॉफी, आठला नाश्ता, आणि अकराच्या सुमाराला, पोट ना भरलेलं ना रिकामं अशा वेळी, लिंबाच्या सरबताबरोबर लोहाची गोळी. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह आत जायला मदत करतं. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर घ्यायची नाही, कारण कॅल्शियम लोहाचं शोषण अडवतं. ती जेवणाबरोबर घ्यावी. लोहानं शौचाला काळं होतं. ते अपेक्षितच आहे, घाबरून गोळी बंद करू नये. बद्धकोष्ठ होत असेल किंवा मळमळत असेल, तर डॉक्टर प्रकार बदलून देतात किंवा रात्री घ्यायला सांगतात. न सांगता ड्रॉवरमध्ये साठवलेल्या गोळ्या मात्र कुणाच्याच कामाच्या नाहीत.

माझी भाची गांधी बझारच्या मागच्या एका गल्लीत राहते. तिच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी दोन कॅलेंडरं टांगलेली आहेत, एक कालनिर्णय आणि एक घरमालकांनी दिलेलं कन्नड पंचांगाचं. पहिल्यावर तिनं तपासण्यांच्या तारखांना गोल केलेत. दुसऱ्यावर, तिनं रोजची गोळी घेतली की नवऱ्यानं लाल पेन्सिलनं टिंब द्यायचं, असं ठरलंय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ साली गरोदरपणात किमान आठ तपासण्या सुचवल्या. त्या सगळ्यांचा वेळ जोडला, तरी डॉक्टरांसमोर बसलेले तास एका दिवसात मावतील. बाकीचं गरोदरपण घरातच जातं. ते फ्रिजशेजारच्या भिंतीवर, स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि दुपारच्या झोपेत घडतं. म्हणून घराच्या वेळापत्रकाकडे मी औषधाच्या चिठ्ठीइतकंच गंभीरपणे पाहते.

कॉफीचं आणखी एक. गरोदरपणात शरीर कॅफीन फार सावकाश बाहेर टाकतं. एरवी पाचेक तासांत निम्मं होणारं कॅफीन शेवटच्या तिमाहीत पंधरा तासांपर्यंत रेंगाळतं, आणि बाळाला ते पचवताच येत नाही. अमेरिका आणि ब्रिटनमधले तज्ज्ञ दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगतात. इथल्या छोट्या पेल्यातल्या दोन कॉफ्या सहसा त्यात बसतात. मिश्रणात चिकोरी असेल तर आणखी सोपं, कारण चिकोरीत कॅफीन नसतं. पण दिवसभरातला चहा आणि चॉकलेटही याच हिशेबात धरायला हवं.

*

बसवनगुडी ही वस्तीच मुळात आरोग्याच्या काळजीतून उभी राहिली. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग १८९८ साली बंगळुरात पोहोचला. जुन्या पेठेत घराला घर लागलेलं, खोल्या अंधाऱ्या. तेव्हा शहराच्या उत्तरेला मल्लेश्वरम् आणि दक्षिणेला, सुंकेनहळ्ळीच्या शिवारात, बसवनगुडी अशा दोन नव्या वस्त्या आखल्या गेल्या. रस्ते सरळ आणि रुंद, घरांभोवती मोकळी जागा, मागच्या अंगानं सफाईचे बोळ. जवळच केंपेगौडांच्या काळातलं मोठ्या नंदीचं देऊळ होतं, त्यावरून वस्तीला नाव पडलं.

मराठी माणूस या शहराला नवा नाही. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. दक्षिणेकडच्या या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली, घरात मराठी आणि दारात कन्नड बोलणारी देशस्थ कुटुंबं आजही भेटतात. त्यांच्याबरोबर आता नोकरीसाठी आलेली पुण्या-नागपूरची, सांगली-बेळगावची तरुण जोडपी आहेत. जुन्या घरांतल्या पहिलटकरणीभोवती सासू, आत्या, जाऊ असा गोतावळा असतो. नव्या जोडप्याच्या दोन खोल्यांत नवरा-बायको, रोज रात्री आईचा व्हिडिओ कॉल, आणि जिन्यात भेटली की 'ऊट आयता?' विचारणारी शेजारची अज्जी. जेवलीस का, एवढंच त्या विचारतात. पण परमुलखात दिवस गेलेल्या मुलीला तो प्रश्न किती हवा असतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

*

आता त्या गोळीकडे परत येऊ, कारण तिच्यात लोहाबरोबर असणाऱ्या दुसऱ्या औषधाचा शोध आपल्या मुंबईतला आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे.

१९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र रक्तक्षय होत होता. रक्तपेशी संख्येनं कमी, पण आकारानं मोठ्या. अनेकजणी त्यात दगावत. विल्सनं हाफकिन संस्थेत आणि मुंबईच्या प्रसूतिगृहांत काम केलं. आधी जंतूंचा संशय घेतला, तो खरा ठरला नाही. मग कोण काय खातं ते पाहायला सुरुवात केली. ज्यांच्या ताटात भाजी, फळं, दूध जवळजवळ नव्हतं, त्यांनाच हा आजार होत होता. तसाच आहार तिनं प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना देऊन पाहिला. त्यातल्या एका माकडाला 'मार्माइट' हा यीस्टपासून केलेला स्वस्त, खारट, काळपट अर्क दिला आणि ते सुधारलं. मग तोच अर्क बायकांना दिला आणि त्या बऱ्या झाल्या. १९३१ साली तिनं हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केलं. अर्कात नेमकं काय आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं. १९४१ साली पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळं काढलं, तेच फॉलिक ॲसिड.

त्याचं दुसरं काम कळायला आणखी पन्नास वर्षं गेली. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भधारणेनंतर पहिल्या अठ्ठावीस दिवसांत मिटते. बहुतेक मुलींची तेव्हा जेमतेम पाळी चुकलेली असते. ती नळी नीट मिटावी म्हणून फॉलिक ॲसिड हवं असतं. १९९१ साली पूर्ण झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात, ज्या आयांच्या आधीच्या बाळात हा दोष होता, त्यांनी गर्भधारणेच्या आधीपासून गोळी घेतली तेव्हा तो पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. म्हणून मूल हवं असं ठरलं, की दिवस राहण्याच्या आधीच ही गोळी सुरू करायची. दिवस गेल्यावर सुरू केली, तर सगळ्यांत महत्त्वाचा आठवडा निघून गेलेला असतो.

लोहाची बाजू अजून सुटलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायका रक्तक्षयी निघाल्या. सुशिक्षित घरं यातून वगळली जातात, असं समजू नये. गरोदरपणात रक्तातलं पाणी लाल पेशींपेक्षा जास्त वाढतं, त्यामुळे हिमोग्लोबिन थोडं उतरतंच. पण ते ११ ग्रॅमच्या खाली गेलं की तो आजार. मग थकवा, धाप, बाळाचं वजन कमी, आणि बाळंतपणात रक्त गेलं तर सोसण्याची ताकद नाही. कच्चे तांदूळ चघळावेसे वाटणं, पाटीची पेन्सिल किंवा भाजलेली माती खावीशी वाटणं, बर्फ कडकडा चावणं, याला आपण कौतुकानं डोहाळे म्हणतो. बऱ्याचदा ती लोह कमी असल्याची खूण असते. चिंच आणि आवळा पुरवावा. मातीची इच्छा झाली तर रक्त तपासावं.

*

गांधी बझारात सकाळी भाजी घ्यायला गेलं, तर पालेभाज्यांच्या जुड्या ओल्या पोत्यांवर रचलेल्या दिसतात. सोप्पु म्हणजे पालेभाजी, एवढा एक शब्द शिकला की काम भागतं. मेंत्य सोप्पु म्हणजे मेथी, सब्बसिगे म्हणजे शेपू, नुग्गे म्हणजे शेवग्याचा पाला, हरिवे म्हणजे माठाच्या जातीतला. या जुड्यांचं महत्त्व सांगायला मी पुण्याचंच उदाहरण देते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते ९६ या काळात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांच्या खाण्याची बारकाईनं नोंद ठेवली. आईनं किती उष्मांक किंवा किती प्रथिनं खाल्ली, याच्याशी बाळाच्या वजनाचा फारसा संबंध दिसला नाही. अठराव्या आठवड्याच्या सुमाराला दूध आणि अठ्ठाविसाव्याच्या सुमाराला पालेभाज्या आणि फळं ज्या वारंवार खात होत्या, त्यांची बाळं मोठी होती. 'दोन जिवांचं खा' म्हणून भाताचा दुसरा डोंगर वाढण्यापेक्षा त्याच ताटात मेथीची वाटी वाढवणं जास्त मोलाचं, असा त्याचा अर्थ मी घेते.

याच अभ्यासात पुढे आणखी एक गोष्ट कळली. बी-१२ कमी आणि फॉलेट भरपूर अशा आयांची मुलं सहा वर्षांची झाली, तेव्हा त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. मधुमेहाची वाट तिथूनच सुरू होते. बसवनगुडीतली बरीचशी घरं शाकाहारी आहेत, आणि बी-१२ वनस्पतींत नसतं. दूध-दही-ताकातून थोडं मिळतं, ते पुरेसं असेलच असं नाही. मी इथे स्पष्टच सांगते: शाकाहारी पहिलटकरणीनं हिमोग्लोबिनबरोबर बी-१२ही तपासून घ्यावं.

नाचणीबद्दल फार सांगायला नको, तिला इथे रागी म्हणतात आणि मुद्दे, दोसा, गंजी अशा सगळ्या रूपांत ती घराघरांत असते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळाच्या कितीतरी पट. कार्तिकाच्या शेवटच्या सोमवारी नंदीच्या देवळाभोवती कडलेकाई परिशे भरते. कडलेकाई म्हणजे भुईमूग. आसपासच्या जिल्ह्यांतले शेतकरी शेंगांचे ढीग घेऊन येतात, रस्ताभर उकडलेल्या आणि भाजलेल्या शेंगांचा दरवळ असतो. ब्रिटनमध्ये १९९८ साली ॲलर्जीची प्रवृत्ती असलेल्या घरांतल्या गरोदर बायकांना शेंगदाणे टाळायला सांगितलं होतं. २००९ साली तो सल्ला मागे घेतला. आईला स्वतःला शेंगदाण्याची ॲलर्जी नसेल, तर परिशेतून आणलेल्या शेंगा खुशाल उकडून खाव्यात. उघड्यावर चिरून ठेवलेली फळं मात्र नकोत.

*

न खाण्याच्या याद्या दोन्हीकडून येतात, मराठी आईकडून आणि कन्नड अज्जींकडून, आणि त्या आश्चर्यकारकपणे जुळतात. पपईबद्दल दोघींचं एकमत. त्यात तथ्यही आहे, पण अर्धं. कच्च्या पपईच्या चिकानं उंदरांच्या गर्भाशयात आकुंचन होतं असं प्रयोगात दिसलं. पूर्ण पिकलेल्या पपईनं तसं झालं नाही. केशरानं बाळ गोरं होत नाही. रंग आई-बापाच्या जनुकांतून येतो, आणि सावळ्या बाळाच्या आईला केशर कमी प्यायलीस असं ऐकवणं हा निव्वळ दुष्टपणा आहे. ग्रहणात चिरलं-शिवलं तर ओठ फाटतो, ही समजूत दोन्ही भाषांत घट्ट आहे. बाळाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो आणि टाळू नवव्यापर्यंत. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाला तिथे करण्यासारखं काही उरलेलंच नसतं. त्या दिवशी तासन्‌तास उपाशी आणि पाण्यावाचून ठेवल्यानं मात्र तिला घेरी येऊ शकते.

एका गोष्टीवर मला थांबायचं आहे. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ टिकला नाही, तर घरात लगेच शोध सुरू होतो. रिक्षात हादरा बसला होता का, जिना किती वेळा चढली, पाण्याची बादली उचलली का. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचाच दोष असतो. तो कुणाच्या रिक्षानं, जिन्यानं किंवा मनातल्या विचारानं होत नाही. बंगळुराच्या रस्त्यांवर खड्डे आहेत हे खरं, त्यांनी कंबर धरते हेही खरं, आणि म्हणून २०१७ पासून नॅशनल कॉलेज आणि साउथ एंड सर्कलला थांबणारी मेट्रो तपासणीला जाताना सोयीची आहे. पण ज्या मुलीनं आधीच बाळ गमावलंय, तिच्यावर दोषाचं ओझं टाकणं कुठल्याही घरानं करू नये.

डासांच्या बाबतीत मात्र घर हलगर्जी असतं. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि घरातल्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. जमिनीखालच्या टाकीचं उघडं झाकण, कुंड्यांखालच्या बश्या, गच्चीवरची टाकी. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात गरोदर बायकांनाही झिका झाल्याचं आढळलं, तोही याच डासातून पसरतो. आठवड्यातून एकदा घरभर फिरून साचलेलं पाणी ओतून टाकणं हे होणाऱ्या बापाचं काम म्हणून पक्कं लावून द्यावं.

*

पाचव्या महिन्यात, पहिलटकरणीला साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात, पोटात पहिली हालचाल कळते. आणि सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळ ऐकू लागतं. मराठी घरांत गर्भसंस्कारांच्या सीडी, ॲप, वर्ग यांवर बराच खर्च होतो. प्रयोगांनी काय दाखवलं ते मी सांगते, कारण ते मला कुठल्याही सीडीपेक्षा विलक्षण वाटतं. १९८० साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर यांनी नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या तोंडात अशी चोखणी दिली, की चोखण्याची लय बदलली की आवाज बदलेल. आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून बाळांनी आपली लय बदलली. २००९ साली जर्मन संशोधकांनी दोन ते पाच दिवसांच्या बाळांचं रडणं तपासलं. फ्रेंच आयांच्या बाळांचा सूर चढत जात होता, जर्मन आयांच्या बाळांचा उतरत होता. ज्याच्या त्याच्या भाषेचा हेल रडण्यातच आला होता. २०१० साली व्हँकूवरमध्ये आणखी एक प्रयोग झाला. पोटात असताना ज्यांनी आईकडून तागालोग आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषा ऐकल्या होत्या, त्या नवजात बाळांनी दोन्हींकडे सारखंच लक्ष दिलं.

बसवनगुडीतल्या मराठी घरात बाळ काय ऐकतं? आईचं नवऱ्याशी मराठी, ऑफिसच्या कॉलवर इंग्रजी, भाजीवाल्याशी मोडकंतोडकं कन्नड. आईचा आवाज हाडांतून आणि शरीरातून थेट पोहोचतो, म्हणून सगळ्यांत स्पष्ट तोच असतो. त्यासाठी पोटाला हेडफोन लावायची गरज नाही. आईनं रोजचं बोलावं, गुणगुणावं, भांडावंसं वाटलं तर भांडावं. कन्नड बोलायची लाज वाटत असेल, तर या महिन्यांत ती सोडावी. बाळ दोन्ही भाषांचे हेल घेऊनच जन्माला येईल.

सातव्या महिन्यात मराठीत डोहाळेजेवण, कन्नडात सीमंत. हिरवा चुडा दोन्हीकडे, ओटी दोन्हीकडे. इथे गांधी बझारच्या फुलबाजारातून आणलेल्या मल्लिगेच्या गजऱ्यांनी अंबाडा पूर्ण झाकून टाकतात. पेढा की बर्फी हा खेळ मराठी घरातून आला की कन्नड बायकाही हौसेनं खेळतात. खेळ खेळापुरता ठेवावा. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे सांगणं कायद्यानं गुन्हा आहे. असा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्रानं १९८८ साली केला, केंद्रानं १९९४ साली. कार्यक्रम शक्यतो दोन तासांत आटपावा. तासन्‌तास पाटावर बसवून पंचपक्वान्नं भरवणं, आणि तेही साखरेची चाचणी व्हायच्या आधी, हे लाड नव्हेत. गरोदरपणातल्या मधुमेहाची चाचणी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त तपासतात, उपाशी असण्याची गरज नाही. १४० किंवा वर असेल तर उपचार. चेन्नईच्या डॉ. शेषय्या यांच्या प्रयत्नांतून ही पद्धत भारतात रुळली.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतही दोन्हीकडे आहे. कर्नाटकात माहेराला तवरुमने म्हणतात. माहेर सांगलीला किंवा पुण्याला असेल, तर प्रश्न भावनेचा राहत नाही, फाइलचा होतो. सात महिने जी डॉक्टर पाहत आली, तिला सोडून आठव्या-नवव्या महिन्यात नव्या ठिकाणी नाव घालायचं. जायचंच तर बत्तिसाव्या आठवड्याच्या आत जावं, तिथल्या डॉक्टरांना आधी कळवावं, आणि सोनोग्राफीच्या सगळ्या प्रती बरोबर न्याव्यात. कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारं तायी कार्ड, म्हणजे आईच्या नोंदींचं कार्ड, कन्नडमध्ये असतं, त्यातल्या रक्तगट, रक्तदाब, इंजेक्शनं यांच्या नोंदी शेजारी मराठीत लिहून ठेवाव्यात. आई इकडे येऊ शकत असेल, तर तिनं येणं मला अधिक बरं वाटतं. डोकं ठणकणं आणि डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, रक्तस्राव, पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, यांपैकी काहीही झालं तर कुठल्याही गावात एकच उत्तर: लगेच रुग्णालय, गरज पडल्यास १०८.

*

रजेबद्दल सांगायचं तर पुन्हा मुंबईच्या गिरण्यांपाशी जावं लागतं. लूसी विल्स मुंबईत पोहोचली त्याच १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारनंही उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली कायदा झाला, देशातला पहिला. पुढे १९६१ चा केंद्रीय कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. त्यातले आठ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. आज बसवनगुडीतून इलेक्ट्रॉनिक सिटीला जाणारी मुलगी जी रजा घेते आणि जी गोळी गिळते, त्या दोन्ही गिरणीतल्या बायकांच्या दुखण्यातून आल्या आहेत.

त्या बायकांच्या जागी आज कोण आहे, ते आपल्याच घरात दिसतं. भाचीकडे भांडी-लादीला येणारी मुलगीही गरोदर होती, भाचीपेक्षा महिनाभर पुढे. प्रसूती रजेचा कायदा कारखाने, दुकानं, कार्यालयं यांना लागू आहे, घरकामाला नाही. तिला रजा म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे पगार कापला. तिच्या वाट्याचं जे आहे ते निदान तिला मिळायला हवं. पहिल्या मुलासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात होणारी मोफत तपासणी, अंगणवाडीत मातृपूर्ण योजनेखाली मिळणारं गरम जेवण. वाणी विलास हे बायका-मुलांसाठी १९३५ पासून चालत आलेलं सरकारी रुग्णालय बसवनगुडीपासून जवळच आहे. यातल्या बहुतेक गोष्टींना बँक खातं आणि कार्ड लागतं, आणि कामाच्या वेळात रांगेत उभं राहावं लागतं. भाचीच्या नवऱ्यानं एका शनिवारी तिच्या नवऱ्याबरोबर जाऊन ते कागद पुरे केले.

मग पगाराचं बोलणं झालं. ती त्याच इमारतीत चार घरी काम करायची. चारही घरांनी तीन महिने आपापला पगार चालू ठेवायचा आणि त्या काळात भांडी आळीपाळीनं नवऱ्यांनी घासायची, असं ठरलं. एका घरानं आधी कुरकुर केली. शेजारच्या अज्जींनी त्यांच्या दारात उभं राहून कन्नडमध्ये काय सांगितलं ते भाचीला नीट कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांचेही पैसे आले.